पंख्याचं पाऊल: छोट्या मोटरबोटीला कोणत्या पिचचा प्रोपेलर लावावा?

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी काळाघोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेलं आणि कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरची घरं बुडाली. वरच्या मजल्यावर इन्सुलिन लागणारे एक आजोबा होते, बाळंतीण होती, आणि रस्त्यावरच्या पाण्यात मगर असू शकते या भीतीने कुणी खाली उतरायला धजत नव्हतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली आणि एक वापरलेली १४ फुटी फायबरची बोट घेतली. मागे ९.९ हॉर्सपॉवरची, फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळ्यावर बाहेरून अडकवायची मोटर: वर इंजिन, खाली पाण्यात पंखा.

जानेवारीत परवानगी घेऊन सिंधरोटच्या बाजूला महीच्या पात्रात ती चालवून पाहिली. दोघं बसलो तेव्हा बोट नाक वर करून सुसाट निघाली. मग क्षमतेइतके, म्हणजे पाच जण बसलो, आणि तीच बोट चिखलातल्या बैलगाडीसारखी चालायला लागली. थ्रॉटल (मोटरचा जोर वाढवायची मूठ) पूर्ण उघडा, मोटर जड आवाजात घुमते आहे, मागे पाण्याचा डोंगर उठतो आहे, आणि मोबाइलचा जीपीएस वेग दाखवतो ताशी ११ किलोमीटर. दोघांनी मोटर परत करू म्हटलं. मोटरीत काहीच बिघाड नव्हता. गडबड पंख्यावर कोरलेल्या एका आकड्यात होती. गेल्या वर्षभरात इथे इतर सोसायट्यांतले लोकही "कोणती बोट घ्यावी" असं विचारू लागले आहेत. बोटीइतकंच पंख्याचंही विचारायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

## पंख्यावरचे दोन आकडे

कोकणात मच्छीमार प्रोपेलरला सरळ पंखा म्हणतात, मीही तेच म्हणतो. पंख्याच्या मधल्या जाड भागावर किंवा पात्याच्या बुडाशी दोन आकडे कोरलेले असतात. आमच्यावर होते ९ १/४ × ११. पहिला आकडा व्यास, इंचांत. पाती फिरताना जे वर्तुळ होतं त्याची रुंदी. दुसरा आकडा म्हणजे पिच, तोही इंचांत. पंखा एक पूर्ण फेरा फिरल्यावर, पाणी अजिबात न घसरता, जितका पुढे जाईल ते अंतर म्हणजे पिच. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तसंच हे. आटे विरळ असले की स्क्रू एका फेऱ्यात जास्त आत जातो, पण पिळायला जोर लागतो. आटे दाट असले की हळू जातो, पण हात दुखत नाही.

व्यासाची निवड बहुधा तुमच्या हातात नसते. मोटरच्या खालच्या भागात जेवढी जागा आहे आणि कंपनीने जो व्यास ठरवला आहे, त्याच्या आसपासच राहावं लागतं. निवडायचं असतं ते पिच.

## पावागडच्या पायऱ्या

विश्वामित्री ज्या पावागडावरून येते, तिथल्या पायऱ्या बडोद्याच्या बहुतेकांनी चढलेल्या आहेत. मोकळ्या हाताने चढणारं पोर दोन-दोन पायऱ्या एकदम टाकतं. पाठीवर ओझं घेऊन चढणारा माणूस एकेक पायरी घेतो. त्याच्या अंगात बळ कमी आहे असं नाही, ओझ्याला लहान पाऊलच परवडतं. ओझ्यासकट दोन-दोन पायऱ्या चढायला गेला तर दहाव्या पायरीवर मांड्या भरून येतील.

पिच हे पंख्याचं पाऊल आहे. बोट हलकी असेल तर मोठं पाऊल चालतं. बोट भरली की तेच पाऊल मोटरला झेपत नाही, तिचे मिनिटाला होणारे फेरे खाली येतात. आणि आउटबोर्ड मोटरची पूर्ण ताकद फक्त वरच्या फेऱ्यांतच मिळते. ९.९ हॉर्सपॉवर ही कागदावरची ताकद मोटर साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास देते. चार हजारांवर अडकली तर तुम्ही पैसे दहाचे मोजले आणि काम त्याहून बरंच कमी घेता आहात.

मी दाभोळच्या मामांना फोन केला. ते मच्छीमारांच्या होड्यांच्या मशिनी दुरुस्त करतात. मी मोटरचं मॉडेल, बोटीची लांबी असं सांगायला लागलो, तर म्हणाले, "ते राहू दे. माणसं किती बसवणार ते आधी सांग. पंखा होडीला नाही लावायचा, वजनाला लावायचा." निवड इथूनच सुरू होते, आणि बाजारात नेमकं हेच कुणी विचारत नाही.

## पाणी म्हणजे लाकूड नव्हे

लाकडातला स्क्रू घसरत नाही, पाण्यातला घसरतो. हिशेबाने जितकं पुढे जायला हवं आणि प्रत्यक्षात जितकं जातो, यातल्या फरकाला स्लिप म्हणतात. स्लिप म्हणजे निव्वळ नुकसान असं पुष्कळांना वाटतं, ते बरोबर नाही. पाणी मागे ढकललं जातं म्हणून बोट पुढे जाते, तेव्हा थोडी स्लिप हवीच. स्लिप शून्य असेल तर ढकलणंही शून्य.

१८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ लाकडी स्क्रू लावलेली बोट चालवून पाहत होते. त्या स्क्रूला बाटलीच्या बूचकाढूसारखे दोन पूर्ण वेढे होते. काहीतरी आपटून त्याचा अर्धा भाग तुटला आणि बोट थांबायच्या ऐवजी आधीपेक्षा वेगाने पळू लागली. पाण्यात स्क्रू लांब असून भागत नाही, हे त्या तुटण्याने शिकवलं. पुढे त्याचीच आखूड, रुंद पाती झाली.

स्लिप घरी काढता येते. मोटरचे मिनिटाचे फेरे भागिले गिअर रेशो, गुणिले पिच, गुणिले ०.००१५२४. उत्तर येतं ताशी किलोमीटरमध्ये, न घसरता मिळाला असता तो वेग. गिअर रेशो म्हणजे इंजिन किती वेळा फिरल्यावर पंखा एकदा फिरतो ते. माहितीपुस्तिकेत असतो, आमच्या मोटरीचा २.०८ आहे.

दोघं बसलेलो असताना मोटर ५,४०० फेऱ्यांवर होती. हिशेबाने वेग येतो ताशी साडेत्रेचाळीस किलोमीटर, जीपीएसवर होता ३०. म्हणजे स्लिप साधारण ३१ टक्के. छोट्या मोटरीला हे चालण्यासारखं आहे. पाच जण बसल्यावर फेरे आले ४,३०० वर. हिशेबाचा वेग पावणेपस्तीस, खरा वेग ११. जवळजवळ ६८ टक्के पाऊल जागच्या जागी घसरत होतं.

## पूर्ण थ्रॉटलला किती फेरे?

पिच बरोबर आहे की नाही हे ठरवणारी चाचणी एकच आहे. बोटीत नेहमी जेवढं वजन असणार तेवढं ठेवा, म्हणजे माणसं, पेट्रोलची टाकी, दोर, पाण्याचे कॅन, सगळं. मोकळं, शांत पाणी बघा. मोटर गरम झाली की थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे स्थिर झाल्यावर आकडा वाचा. माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलसाठी एक पट्टा दिलेला असतो. आमच्या मोटरीला तो ५,००० ते ६,००० आहे, तुमच्या मोटरीचा वेगळा असू शकतो. आकडा त्या पट्ट्यात, शक्यतो वरच्या अर्ध्यात, पडला पाहिजे.

फेरे पट्ट्याच्या खाली असतील तर पिच कमी करा, वर जात असतील तर वाढवा. एक इंच पिच बदललं की फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात. हा अंदाज आहे, पण खरेदीपुरता पुरतो. आमचे भरल्या बोटीत ४,३०० होते. ५,००० पर्यंत जायला ७०० हवे होते, म्हणजे निदान साडेतीन इंच. आम्ही ११ वरून ८ वर आलो, त्याहून खाली का गेलो नाही ते पुढे येतंच.

छोट्या मोटरीवर फेरे दाखवणारा काटा नसतो. त्यासाठी मुठीत मावेल असा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो. त्याची वायर स्पार्क प्लगच्या जाड वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन बांधायची, बाकी जोडणी काही नाही. एक काळजी घ्या: एका फेऱ्यात किती ठिणग्या पडतात याची सेटिंग त्यात असते. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये दर फेऱ्याला ठिणगी पडते, मोटरसायकल-कारच्या समजुतीने सेटिंग केलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल. आम्हाला पहिल्यांदा १०,८०० दिसले आणि सगळे घाबरले.

## "पिच मोठं म्हणजे वेग जास्त, नाही का?"

सायकलच्या गिअरवरून हा प्रश्न येतो, आणि उत्तरही तिथेच आहे. मोठ्या गिअरवर सायकल वेगात जाते, पण पेडल फिरवता आलं तर. चढावर मोठा गिअर टाकलात तर सायकल उभी राहते.

८ पिचचा पंखा लावून पुन्हा सिंधरोटला गेलो. पाच जण, तेच सामान. मोटर ४,९५० वर, म्हणजे पट्ट्याच्या अगदी काठाशी गेली आणि वेग ११ चा १३ झाला. म्हणजे पाऊल तीन इंचांनी लहान केलं आणि बोट जोरात चालली. स्लिप ६८ वरून ५५ टक्क्यांवर आली. वेगातला फरक दोनच किलोमीटरचा, पण हातातला फरक फार मोठा होता: थ्रॉटल दिला की बोट लगेच उचलत होती, प्रवाहाच्या उलट वळताना दम सोडत नव्हती.

## "मोटर शांत चालते, फेरे कमी, मग ती जास्त टिकेल ना?"

माझाही हाच समज होता. पूर्ण थ्रॉटलला कमी फेऱ्यांवर अडकलेल्या मोटरीला आराम मिळत नसतो, ती ओझ्याखाली दबलेली असते. पाचव्या गिअरमध्ये घाट चढवणाऱ्या गाडीचा जड आवाज आठवा. प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर आणि बेअरिंगवर जास्त वेळ राहतो, उष्णता वाढते, आत ठोके पडू लागतात, काजळी साचते. वरून काही कळत नाही. एखाद्या हंगामानंतर पिस्टन जातो आणि दोष मोटरीच्या नावावर लागतो. आमची बोट वर्षभर उभी राहणार आणि पुराच्या दोन दिवसांत तासन्‌तास भरून चालणार. अशा मोटरीला तर हा दाब अजिबात नको.

## "मग सगळ्यात लहान पिचच का नको?"

कारण उलट बाजूलाही खड्डा आहे. ८ चा पंखा लावून आम्ही दोघंच बसलो, तेव्हा पूर्ण थ्रॉटलला फेरे ६,०५० वर गेले, पट्ट्याच्या वर. वेग मात्र ३० चा २७ झाला. आणखी लहान पिच घेतलं असतं तर रिकाम्या बोटीत मोटर भणाणत राहिली असती. बहुतेक नव्या मोटरींत फेरे मर्यादेबाहेर गेले की ठिणगी तोडणारी सोय असते, पण तिच्या भरवशावर मोटर चालवायची नसते.

मधला ९ चा पंखाही होता. त्यात भरली बोट ४,७५० च्या आसपास आणि रिकामी ५,८५० च्या आसपास राहिली असती. सहलीसाठी बोट असती तर मी तोच घेतला असता. आमच्या बोटीचं काम ठरलेलं आहे, तिला वजन वाहायचं आहे. म्हणून ८ घेतला आणि बोटीच्या आतल्या बाजूला लाल रंगाने लिहिलं: "दोघंच असाल तर थ्रॉटल पूर्ण उघडू नका." रिकाम्या बोटीत हात थोडा मागे घेणं आपल्या हातात आहे. भरल्या बोटीत नसलेली ताकद आणणं हातात नाही.

चार पात्यांचा पंखा हाही एक मार्ग आहे. तो भरल्या, सावकाश बोटीत पाणी जास्त घट्ट धरतो, थोडा वरचा वेग खातो. जड बोटींसाठी हाय-थ्रस्ट नावाच्या वेगळ्या मोटरीच मिळतात, त्यांचा गिअर जास्त कमी केलेला आणि पंखा मोठा असतो. नव्याने घेणार असाल तर त्या जरूर बघा.

एक गोष्ट मात्र पंखा कधीच करू शकत नाही. तो बोटीची क्षमता वाढवत नाही. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. या शहरात "मोटर ओढते आहे ना, मग अजून दोघं बसू दे" हे वाक्य कुणीही तोंडातून काढू नये. मोटर ओढते म्हणून बोट तरते असं नसतं.

## पंखा बदलण्याआधी हे तपासा

फेरे चुकीचे आले की लगेच पिचला दोष देऊ नका. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पंख्याच्या आतलं रबर. बऱ्याच पंख्यांत मधला धातूचा दांडा आणि बाहेरचा पंखा यांच्यामध्ये रबराची बुश दाबून बसवलेली असते, दगड लागला तर धक्का गिअरला जाऊ नये म्हणून. ती जुनी झाली की आतून घसरते. मग फेरे झपकन चढतात आणि बोट मात्र जागची हलत नाही. खूण करून बघायची सोपी रीत मामांनी सांगितली: स्क्रूड्रायव्हरने आतल्या दांड्यापासून बाहेरच्या पंख्यापर्यंत एक सरळ ओरखडा काढा, बोट जोरात चालवा, परत बघा. ओरखड्याचे दोन तुकडे होऊन सरकले असतील तर बुश गेली.

दुसरं, मोटर बसवण्याची उंची. मोटरच्या पायाला पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत हवी. फळा उंच आणि मोटर आखूड असेल तर पंखा वरची हवा ओढतो, फेरे एकदम वर जातात, विशेषतः वळणावर. लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण तो वेगळा प्रकार आहे. कॅव्हिटेशनमध्ये पात्याजवळ दाब इतका पडतो की थंड पाणीच उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूला खळगे पडतात. पात्यावर वाळवी लागल्यासारखे खळगे दिसले तर समजा.

बाकी वाकलेलं पातं, तळाला साचलेलं शेवाळ, बोटीत साठलेलं पाणी, अडलेला कार्ब्युरेटर. आणि हवा. गरम, दमट हवेत इंजिनची ताकद थोडी घटते, म्हणून जानेवारीतले आमचे आकडे ऑगस्टमध्ये थोडे खाली येणार हे धरूनच चाललो आहोत. ८ च्या बाजूला कौल देण्याचं तेही एक कारण होतं.

## पुराच्या पाण्यात पिचचा वेगळा उपयोग

गल्लीत वेग नकोच असतो. जोरात गेलात तर मागच्या लाटा लोकांच्या खिडक्यांतून आत जातात आणि कच्च्या भिंती पाडतात. तिथे लागते ती सगळ्यात कमी वेगाची चाल. गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला तरी बोट सरकतेच, आणि पिच लहान असेल तर ती जास्त सावकाश सरकते. पार्क केलेल्या गाड्यांच्या टपांमधून, विजेच्या खांबांच्या बाजूने बोट काढताना हे फार उपयोगी पडतं.

माणूस पाण्यात असेल तर पंखा फिरताच कामा नये. गिअर न्यूट्रल नव्हे, मोटर बंद. शेवटचे पंधरा-वीस फूट वल्ह्याने जायचं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी बांधलेलीच हवी, म्हणजे तो पडला तर मोटर बंद पडते. खरं सुटकेचं काम जरोदच्या एनडीआरएफच्या जवानांचं आणि अग्निशमन दलाचं आहे. आमची बोट औषधं, दूध आणि पाणी पोचवण्यापुरती आहे.

पंखा बदलणं घरी जमतं. आधी किल स्विचची दोरी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, गिअर न्यूट्रल. पात्यामागे लाकडाचा ठोकळा अडकवून पंखा फिरू देऊ नका. कॉटर पिन (नट सुटू न देणारी दुमडती पिन) सरळ करून ओढा, नट काढा, पंखा मागे ओढा. आत एक जाड थ्रस्ट वॉशर असतो, तो कोणत्या बाजूने होता याचा फोटो काढून ठेवा. नवा पंखा बसवताना शाफ्टच्या खाचांना जलरोधक ग्रीस आणि कॉटर पिन नवी.

आम्ही ११ चा पंखा उतरवला तेव्हा उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, होऊन आठवडा झाला होता. वॉशरच्या मागे, शाफ्टभोवती, गुलाबी नायलॉनचा मांजा केसासारखा घट्ट गुंडाळलेला होता. तो असाच राहिला तर तेलाचं सील कापतो, आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. सुईने एकेक वेढा उचलत अर्धा तास काढला, दीड हात निघाला. मग खालचा स्क्रू सैल करून थेंबभर गिअर ऑइल बोटावर घेतलं. दुधाळ झालेलं नव्हतं, मधासारखं स्वच्छ होतं. स्क्रू परत आवळला आणि ८ चा पंखा चढवला.